‘घरीच असता ना?’ गोव्यात स्वतःचं काम करताना कामाचे तास आणि आपले तास वेगळे ठेवण्याची रीत

स्वतःचं काम सुरू केलेल्या माणसाला पहिल्या वर्षी हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या एका समजुतीवर पुढचं सगळं उभं राहतं. गिऱ्हाईक रात्री दहाला फोन करतं. शेजारीण गॅसचा सिलिंडर घेऊन ठेवायला सांगते. आणि दिवसभरात जे काम व्हायचं राहिलं, ते जेवणं आटोपल्यावर डोळे चोळत केलं जातं.

पणजीत घरून डिझाइन किंवा भाषांतर करणारे, फोंड्यात शिकवण्या घेणारे, डिचोलीत शिवणकाम करणाऱ्या, बार्देशात दोन खोल्यांचा होमस्टे चालवणारे, चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या (करंज्या) आणि लाडवांच्या ऑर्डरी घेणाऱ्या, अशा सगळ्यांसाठी ही रीत आहे. काम वेगळं असलं तरी गाडं अडतं ते एकाच जागी. आधी काम संपवू आणि उरलेला वेळ आपला, असं ठरवलं की आपल्याला काही उरतच नाही, कारण स्वतःच्या धंद्यात काम संपत नसतं. शेतकरी खळ्यावरच बियाणं बाजूला काढतो आणि मग उरलेलं खातो. वेळेचंही तसंच करायचं. आधी आपला वेळ काढून ठेवायचा, मग कामाला जागा द्यायची.

पहिलं काम: सात दिवसांची वही

वेळापत्रक लगेच आखू नका. सात दिवस फक्त नोंद ठेवा. शंभर पानी वही पुरते. पानावर तीन रकाने आखा: किती वाजता, काय केलं, खूण. खुणा पाचच ठेवा. ‘क’ म्हणजे कमाईचं काम, ज्याचे पैसे गिऱ्हाईक देतं. ‘ध’ म्हणजे धंद्याचंच, पण बिनपैशाचं: दर सांगणं, बिलं, सामान आणणं, फोन. ‘घ’ म्हणजे घर. ‘म’ म्हणजे खरोखर मोकळा वेळ, मर्जीने घालवलेला. आणि ‘ग’ म्हणजे नुसता गेलेला. गिऱ्हाइकाच्या उत्तराची वाट पाहत फोन चाळत बसणं हे ‘ग’. त्यात ना काम होतं, ना विसावा मिळतो.

काम बदललं की त्याच क्षणी नोंद करा. रात्री आठवून लिहिलेली वही खोटं बोलते. दुपारी दोनदा झालेलं पाऊण तासाचं फोन चाळणं रात्री आठवत नाही, आणि दोन तासांचं काम चार तासांचं वाटतं. चवथीचा किंवा नाताळचा आठवडा या नोंदीसाठी घेऊ नका, साधा आठवडा घ्या. सातव्या दिवशी प्रत्येक खुणेची बेरीज करा.

बहुतेक नवख्यांना दोन धक्के बसतात. ‘क’ वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघतं आणि ‘ग’ बरंच जास्त. यात स्वतःला आळशी ठरवायचं कारण नाही. सात तास कामावर बसणाऱ्याचे चार तास ‘क’ मध्ये पडत असतील तर ते चांगलं चाललं आहे. बाकीचे तीन तास धंदा चालता ठेवायला लागतातच.

दर चुकला की संध्याकाळ जाते

वेळेच्या लेखात पैशांचा हिशेब कशाला, असं वाटेल. पण नवख्यांच्या बहुतेक संध्याकाळी दर ठरवतानाच्या एका भागाकारात हरवलेल्या असतात. म्हणून तो भागाकार इथे पूर्ण करून दाखवतो.

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ रविवार काढा. शनिवारी अर्धा दिवस काम धरलं तर आणखी २६ दिवस जातात. सण, गावची जत्रा, घरातली कार्यं यांचे १८. आजारपण, इस्पितळाच्या खेपा, सरकारी कामं यांचे १२. आणि रजेचे १५. उरले २४२ दिवस. रोजचे विकले जाणारे तास चार धरले तर वर्षाचे ९६८ तास होतात.

आता लागणारे पैसे. घरखर्च महिन्याला ४०,००० म्हणजे वर्षाला ४,८०,०००. धंद्याचा खर्च (वीज, इंटरनेट, सामान, दुरुस्ती) १,२०,०००. कर, विमा आणि बचत मिळून १,५०,०००. एकूण ७,५०,०००. याला ९६८ ने भागा: तासाला सुमारे ७७५ रुपये.

नवखा माणूस काय करतो? फक्त रविवार वजा करतो, ३१३ दिवस धरतो, रोज आठही तास विकले जातील असं मानतो आणि तासाला ३०० रुपये दर लावतो. वर्षाचे २,५०४ तास विकले गेले तरच तो दर पुरतो. ते जाणं शक्य नसतं. मग तूट भरून काढायला रात्री आणि रविवार घातले जातात, आणि माणसाला वाटतं की आपल्याला वेळेचं नियोजन जमत नाही. चूक नियोजनात नसतेच, दरात असते.

वरच्या जागी तुमचे आकडे घाला. नगावर पैसे घेत असाल तर तासांवरून नगाचा दर काढा. अस्तराच्या ब्लाउजला माप घेण्यापासून हूक लावेपर्यंत किती वेळ जातो ते एकदा घड्याळ लावून पाहा, आणि गिऱ्हाइकाशी डिझाइन ठरवण्यात जाणारी वीस मिनिटंही त्यातच धरा. तुमच्या वाड्यात तेवढा दर कुणी देत नसेल तर तीन वाटा आहेत. एकाच प्रकारची कामं एकत्र करून वेळ वाचवायचा, म्हणजे सोमवारी सगळं कापणं आणि मंगळवार-बुधवारी सगळं शिवणं. फुकटात होणारी कामं (‘एवढी शिवण जरा उसवून दे’) किमतीवर आणायची. किंवा ज्याला जास्त दर मिळतो त्या कामाकडे सरकायचं. रात्री जागणं ही चौथी वाट नाही. तिच्यावर वर्षभर चालता येत नाही.

वर्ष आधी, दिवस नंतर

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि लाल पेन घ्या. पहिल्यांदा सुट्ट्या लिहायच्या, कामं नंतर. गोव्यात हे जानेवारीतच करावं लागतं, कारण इथलं वर्ष सपाट नाही.

चवथ पंचांगाप्रमाणे सरकते. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने ती १९ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. त्यामुळे ‘सप्टेंबरमध्ये सुट्टी घेऊ’ असं मोघम ठरवून चालत नाही. तारीख पाहून लिहा. तुमच्या घरी गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की जास्त, त्याप्रमाणे दिवस रंगवा आणि त्याआधीचे तीन दिवसही रंगवा. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीचं सामान, सजावट, मूळ घरी जाणं यात ते जाणारच असतात. ते कामाचे आहेत असं समजून कबुली दिली की चवथीच्या आदल्या रात्री काम आणि सजावट दोन्ही अर्धवट राहतात.

मग गावची जत्रा, शिगमो, दिवाळी, घरातलं श्राद्ध, मुलांच्या परीक्षा. शिरगावच्या लईराईच्या किंवा म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेला दरवर्षी जात असाल तर तो दिवसही लिहा. ‘बघू, जमलं तर’ असं ज्याच्यापुढे लिहिलेलं असतं, ते जमत नाही.

यानंतर धंद्याचा हंगाम. पर्यटनावर पोट असलेल्यांचे ऑक्टोबर ते मार्च हे भरतीचे महिने, मेमध्ये कुटुंबं येतात, आणि जून ते सप्टेंबर ओहोटी. नेवऱ्या-लाडू करणारीचं उलटं: चवथ आणि दिवाळीच्या आधीचे पंधरवडे भरतीचे. शिकवण्यांची भरती डिसेंबरपासून मार्चपर्यंत. भरतीच्या महिन्यांत रोज नऊ तास होतील हे मान्य करा, पण त्याच कॅलेंडरवर ओहोटीतले आठवडे बदल्यात लिहून ठेवा. समुद्रसुद्धा इथे वर्षातून ६१ दिवस बंद असतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीला बंदी असते, मासळीची वीण त्या काळात होते आणि जाळी, इंजिनं दुरुस्त करून घेतली जातात. होमस्टेवाल्यांनीही तसंच करावं. जुलैमध्ये दोन आठवडे बुकिंग बंद ठेवून डागडुजी आणि विश्रांती एकदम उरकावी. त्या महिन्यात कमाई तशीही थोडीच असते, आणि फुटकळ एका रात्रीच्या पाहुण्यासाठी आख्खं घर ताटकळत राहतं.

दिवसाची दोन सत्रं

गोव्याचा दिवस दोन तुकड्यांचा आहे. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा हॉर्न वाजतो, मासळी आणायची तर लवकर जावं लागतं, दुपारी एकनंतर गावातली बरीच दुकानं बंद होतात आणि साडेतीन-चारला पुन्हा उघडतात. बाहेरच्यांना यात आळस दिसतो. सुशेगाद हा शब्दही त्याच अर्थाने वापरला जातो. त्याचा उगम पोर्तुगीज ‘सोसेगादु’ म्हणजे शांत, निवांत या शब्दात आहे. एप्रिल-मेच्या दमट दुपारी डोकं चालत नाही हे इथल्या लोकांनी ओळखून दिवस तसा बेतला. नोकरी सोडून स्वतःचं काम धरलेल्यांनी हा दिवस परत घ्यावा, दहा ते सहाची ऑफिसची वेळ घरात आणू नये.

सकाळी ८ ते १२.३० हे पहिलं सत्र आणि दुपारी ४ ते ६.३० हे दुसरं. एकूण सात तास. पहिल्या सत्रात ‘क’ ची कामं, आणि त्यातले पहिले दोन तास फोन दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या सत्रात बिलं, फोन, सामान, उद्याची तयारी. मधल्या साडेतीन तासांत जेवण, झोप, मुलांना शाळेतून आणणं. दुपारची झोप २०–३० मिनिटांची ठेवा. दीड तास झोपलात तर चारला डोकं जड होऊन उठता आणि दुसरं सत्र सहापर्यंत सुरूच होत नाही.

दिवसाचा शेवट ठरवणं सुरुवात ठरवण्यापेक्षा महत्त्वाचं. ६.१५ ला गजर लावा. राहिलेली पंधरा मिनिटं काम पुढे रेटण्यासाठी वापरू नका. उद्या सकाळचं पहिलं काम एका कागदावर लिहा, तो कागद यंत्रावर किंवा कीबोर्डवर ठेवा, लॅपटॉप बंद करून कपाटात टाका. नुसती झाकण लावलेली मशीन आणि टेबलावर उघडा पडलेला लॅपटॉप रात्री नऊला बोलावून घेतात. काम जेवणाच्या टेबलावर करत असाल तर ही आवराआवर अधिकच गरजेची. सगळं एका टोपलीत घालायचं आणि टोपली नजरेआड.

परदेशी गिऱ्हाईक असेल तर दोन सत्रं पुरत नाहीत. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ७.३० आणि हिवाळ्यात ८.३०, कारण तिकडे घड्याळं बदलतात. लंडनशी हाच फरक साडेचार आणि साडेपाच तासांचा. अशा गिऱ्हाइकाला आठवड्यातल्या दोनच संध्याकाळी द्या, समजा मंगळवार आणि गुरुवार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढेच तास उशिरा सुरू करा. हा दुसरा भाग लोक विसरतात. रात्रीचे दोन तास तसेच वाढत जातात आणि महिन्याचे सोळा तास फुकट जातात.

फोन

धंद्याला वेगळं सिम घ्या. एकाच नंबरावर साधं व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस दोन्ही चालत नाहीत, म्हणून दुसरा नंबर लागतोच. बिझनेस ॲपमध्ये आधी कामाच्या वेळा भरा, मग व्यवसायाच्या साधनांत जाऊन अनुपस्थितीचा संदेश चालू करा आणि तो ‘कामाच्या वेळेबाहेर’ पाठवायचा असं निवडा. मजकूर साधा ठेवा:

‘नमस्कार. निरोप मिळाला. कामाची वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते १२.३० आणि दुपारी ४ ते ६.३०, शनिवारी १२.३० पर्यंत. त्या वेळेत उत्तर देते. दोन दिवसांच्या आत हव्या असलेल्या कामाला दीडपट दर लागतो.’

शेवटचं वाक्य गाळू नका. दीडपट म्हटलं की निम्मी ‘घाई’ सोमवारपर्यंत थांबू शकते असं गिऱ्हाइकालाच कळतं. फोनला इंटरनेट नसेल तर हा संदेश जात नाही हे ध्यानात ठेवा. रात्री डेटा बंद करून झोपलात तर समोरच्याला काहीच पोचत नाही, म्हणून धंद्याचा फोन बाहेरच्या खोलीत वायफायवर राहू द्या.

संदेश लावून स्वतःच रात्री अकराला उत्तर दिलंत तर तुमची वेळ कुणी मानणार नाही. एकदा दिलेलं उत्तर गिऱ्हाइकाला दहा वेळा आठवतं. रात्री विचार सुचलाच तर तो वहीत लिहा आणि सकाळी आठनंतर पाठवा.

होमस्टेवाल्यांना रात्रीचे फोन टाळता येत नाहीत, पण कमी करता येतात. पाहुणे येण्याची वेळ दुपारी १ ते रात्री ८ अशी बुकिंगमध्येच लिहा. मोपा किंवा दाबोळीला उशिराच्या विमानाने येणाऱ्यांसाठी आकड्यांचं कुलूप असलेली किल्लीची पेटी दाराशी बसवा. ओळखपत्राचे फोटो आदल्या दिवशीच मागवा. परदेशी पाहुण्याची माहिती तो आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते, ती कागद हाताशी असले तर पाच मिनिटांत होते, नसले तर मध्यरात्री. गरम पाणी कसं सुरू करायचं, वायफायचा पासवर्ड, जवळचं औषधाचं दुकान, वीज गेली तर काय, एवढं एका पानावर लिहून भिंतीला लावा.

पावसाळा

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मेच्या अखेरीस पहिल्या वादळी सरींत फांद्या तारांवर पडतात आणि वीज तासन् तास जाते. त्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे: दुपारी गेलेली वीज काम रात्रीत ढकलते.

आधी गरज मोजा. लॅपटॉप ६० वॅट, राउटर १०, दिवा १०, साधा पंखा ७०, म्हणजे एकूण १५०. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी पूर्ण उपसायची नसते हे धरलं तर प्रत्यक्षात सहा तासांचा भरवसा धरावा, जुन्या बॅटरीचा त्याहून कमी. एवढा खर्च परवडत नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस घ्या. घेताना राउटरच्या चार्जरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून जुळवा, कारण १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा चालत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये असू द्या. ब्रॉडबँड आणि मोबाइल एकाच कंपनीचे असले तर दोन्ही एकदम बसण्याचा धोका जास्त. विजा चमकू लागल्या की प्लग आणि राउटरची तार काढा.

शिवणयंत्राची मोटर, ओव्हन, मिक्सर घरगुती इन्व्हर्टरवर चालवायला जाऊ नका. तिथे उपाय कामाच्या क्रमात आहे. पावसाळ्यात हूक-काज, कापणं, हिशेब, लेबलं अशी बिनविजेची कामं बाजूला राखून ठेवा आणि वीज गेली की ती काढा. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असेल तर वीज खात्याची सूचना आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत येते. ती सकाळी चहासोबत पाहायची सवय लावा. आणि जून ते सप्टेंबर दिलेल्या प्रत्येक तारखेत दोन दिवस जास्त धरा.

किती काम घ्यायचं

आठवड्याचे विकाऊ तास मोजा: रोजचे चार, पाच दिवस, म्हणजे वीस. त्यातले पंधराच आधी विका. उरलेले पाच सुटे ठेवा. दुरुस्त्या, बिघडलेला माल, ताप आलेलं मूल यांना ते लागतात. शनिवारचा अर्धा दिवस या हिशेबात धरू नका, तो साठलेलं आवरायला. नवं काम आलं की तुमच्या अंदाजाची दीडपट करा. सहा तास वाटतात तर नऊ लिहा. भिंतीवर पुढच्या चार आठवड्यांचा कागद लावा आणि त्यात तास भरत जा. पंधरा भरले की पुढच्या आठवड्याची तारीख द्या. ‘नाही’ म्हणायला अवघड जातं त्यांना हा कागद मोठा आधार आहे, कारण ‘जमणार नाही’ याऐवजी ‘अठरा तारखेपासून जागा आहे’ असं सांगता येतं.

घरच्यांशी बोलणं

सगळ्यात जास्त तास इथे जातात, आणि बायकांचे तर फारच. पुरुष घरी लॅपटॉप घेऊन बसला तर ‘कामात आहे’ आणि बाई शिवणयंत्रावर बसली तर ‘घरी आहे’. ही समजूत एका दिवसात जात नाही, पण ती धरून न बसता व्यवहार बदलता येतो.

सगळे एकत्र असताना, रविवारी जेवणानंतर, तीन गोष्टी ठरवा. पहिली, ८ ते १२.३० मध्ये दार कोण उघडणार, सिलिंडर आणि पार्सल कोण घेणार. दुसरी, मासळी-बाजार कोणत्या दिवशी कोण आणणार. तिसरी, सासू-सासऱ्यांना किंवा आजीला डॉक्टरांकडे न्यायची पाळी कुणाची. तोंडी ठरलेलं आठवड्यात विरतं, म्हणून फ्रिजवर कागद लावा. नावं लिहा. ‘सगळ्यांनी मिळून’ असं लिहिलेलं काम शेवटी एकाच माणसावर येतं, आणि ते माणूस कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं.

बाहेरची कामं आठवड्यातून एका अर्ध्या दिवसात बांधा. म्हापशाच्या आसपास राहत असाल तर शुक्रवार सकाळ सोयीची: बाजारही होतो, बँक आणि पंचायतही. त्या दिवशीची ‘क’ कामं दुपारच्या सत्रात घ्या. नातेवाइकांना नकार देताना कारणांची यादी देऊ नका. ‘काकी, शुक्रवारी मी बाहेर पडतेच, तेव्हा आणते’ एवढं पुरे. यात नाही म्हटलेलं नाही, फक्त दिवस सांगितला आहे. गावात राहायचं तर एकमेकांची कामं करावीच लागतात, आणि करावीत. ती सकाळी दहाला, भर कामात येऊ नयेत इतकंच सांभाळायचं.

साठा नसेल तर सुट्टी घेता येत नाही

हंगामी धंद्याचं एक गणित पाठ करावं. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने कमाई आणि जून ते सप्टेंबर चार महिने जवळजवळ नाही, असं असेल तर आठही महिने कमाईचा तिसरा हिस्सा बाजूला टाका. आठ तृतीयांश म्हणजे चार महिन्यांना प्रत्येकी दोन तृतीयांश, आणि हंगामातही तुम्ही दोन तृतीयांशावरच घर चालवत असता. बाराही महिने घर सारखं चालतं. हे पैसे वेगळ्या खात्यात, त्याचं एटीएम कार्ड घरात नको.

नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या. वसुलीचे फोन हे ‘ध’ मधलं सगळ्यात थकवणारं काम आहे. कंपन्यांना सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, पैसे मागणाऱ्या दिसायला तशाच साइटपासून सावध. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. बिलाखाली नोंदणी क्रमांक आणि ही मुदत छापली की आठवणीचे फोन बरेच कमी होतात. अंदाजी पद्धतीने (जमेच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून) कर भरणाऱ्यांना आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा असतो. ती तारीख शिगम्याच्या आसपास येते, म्हणून कॅलेंडरवर १ मार्चलाच लिहा.

बिघडतं कुठे

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेळापत्रक मोडतं. मोडायचंच. चूक तिथे होते जेव्हा माणूस बुडालेले तास रविवारी भरून काढतो. एकदा रविवार गेला की सोमवार दमलेला उगवतो, कामं हळू होतात आणि पुढचा रविवारही जातो. बुडालेलं काम पाच सुट्या तासांत घाला, त्यात मावत नसेल तर गिऱ्हाइकाला तारीख बदलून मागा, आणि ती मुदत संपायच्या आदल्या दिवशी नको, दिसल्याबरोबर मागा.

मोकळा वेळ ‘ग’ मध्ये सांडतो ही दुसरी अडचण. सहा-साडेसहाला काम संपलं आणि फोन घेऊन पडलात तर आठ वाजतात, आणि विश्रांती झाली असं वाटत नाही. संध्याकाळसाठी आधीच काहीतरी नेमलेलं असू द्या: भजनाची तालीम, घुमट आरतीचा सराव, मिरामारला किंवा गावातल्या तळीपर्यंत फेरी, वाचनालय. दुसऱ्या माणसांबरोबर ठरलेलं असेल तर ते चुकत नाही, म्हणून निदान दोन संध्याकाळी अशा ठेवा.

झोप न लागणं, गिऱ्हाइकाचा फोन वाजताच छातीत धस्स होणं, घरच्यांवर कारण नसताना चिडणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते वेळापत्रकाने सुटणार नाही. डॉक्टरांशी बोला. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते.

शनिवारी बाराला, काम बंद करायच्या आधी, अर्धा तास वहीसाठी ठेवा. चार आकडे लिहा: विकलेले तास, आलेले पैसे, ६.३० नंतर काम केलेल्या संध्याकाळी, पूर्ण मिळालेले मोकळे दिवस. तिसरा आकडा सलग तीन आठवडे दोनच्या वर गेला तर दर वाढवायची किंवा एक गिऱ्हाईक कमी करायची वेळ झाली आहे.

चवथीला धंदा बंद करताना

पहिली मोठी सुट्टी घेताना सगळ्यात भीती वाटते, म्हणून तिचे टप्पे सांगतो. तीन आठवडे आधी प्रत्येक चालू गिऱ्हाइकाला बंदच्या तारखा आणि काम देण्याची शेवटची तारीख कळवा. दहा दिवस आधी नवी कामं घेणं थांबवा. नेवऱ्या-लाडवांचं काम असेल तर ऑर्डरींचा आकडा आधीच बांधा: एका माणसाच्या हाताने एका दिवसात किती नेवऱ्या होतात ते मोजा, त्याला दिवसांनी गुणा, त्यातून पाचवा हिस्सा वजा करा आणि तो आकडा भरला की ‘ऑर्डर पूर्ण’ असं लिहून टाका. चार दिवस आधी राहिलेली बिलं पाठवा. तीन दिवस आधी अनुपस्थितीच्या संदेशात परत येण्याची तारीख घाला आणि धंद्याचा फोन कपाटात ठेवा. खरोखर अडेल असं एखादं गिऱ्हाईक असेल तर त्याच्यासाठी त्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाशी आधी बोलून ठेवा. त्याच्या सुट्टीत तुम्ही सांभाळायचं.

परतल्याचा पहिला दिवस अर्धाच धरा. सकाळच्या सत्रात फक्त निरोप वाचून वहीत उतरवायचे, उत्तर दुपारी चारनंतर. कुणालाही त्या दिवसाची तारीख देऊ नका. विसर्जनाला रात्री उशीर झालेला असतो, आणि माटोळी अजून उतरवायची असते.